तिसरं यान

पौडच्या यष्टी स्टँडसमोर रमजानचं सायकलचं दुकान होतं. त्या दुकानात व्हिडिओगेमचं मशीन आलं तेव्हा गावातल्या शहाण्या माणसांनी एकमुखानं ठरवलं, की रमजानचं डोकं फिरलंय. शहाण्या माणसांचं एरवी कशावर म्हणून एकमत होत नाही, तेव्हा मशीननं येता येता गावाचं एवढं तरी भलं केलं म्हणायचं.

मशीन कपाटाएवढं उंच. पुण्याच्या कॅम्पातल्या एका पार्लरवाल्यानं नवं घेतलं आणि हे अडगळ म्हणून काढलं. रमजाननं ते भाताच्या पेंढ्यात गुंडाळून दुधाच्या टेंपोतून पौडला आणलं. खेळ एकच होता. काळ्याभोर काचेवर पांढऱ्या रेघांचं एक इवलंसं यान, आणि चहूकडून गरगरत येणारे दगड. दांडा हलवला की यान वळायचं, लाल बटण दाबलं की गोळी सुटून दगड फुटायचा. यान डाव्या काठातून बाहेर पडलं की उजव्या काठातून आत यायचं. म्हणजे पौडहून पुण्याकडं निघावं आणि उलट्या अंगानं, ताम्हिणीकडून गावात शिरावं, तसलं काहीतरी. एकदा नाणं टाकलं की तीन यानं मिळायची. तिसरं फुटलं की खेळ संपला.

रमजानची बायको फहमिदा हे सगळं खाटेवर पडून बघायची. दुकानाच्या मागच्या खोलीत त्यांचा संसार. मध्ये दार नव्हतं, तारेवर सोडलेला एक फुलाफुलांचा पडदा होता आणि तो एका बाजूला हातभर अपुरा पडायचा. त्या फटीतून तिला मशीनची काच दिसायची, खेळणाऱ्याचे हात दिसायचे. तोंडं दिसत नसत. पण तिला हातांवरून माणूस ओळखता यायला लागला होता.

सहाव्या महिन्यात तिला रक्त दिसलं होतं. दुखलंखुपलं काही नाही, नुसतं रक्त. पुण्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वार खाली, पिशवीच्या तोंडाशी आहे. उठायचं नाही, उचलायचं नाही, धक्का बसू द्यायचा नाही. आणि पुन्हा रक्त दिसलं तर घरात चर्चा करत बसू नका, तडक इकडं या." याआधी फहमिदाची दोन मुलं पोटातच गेली होती. पहिलं गेलं ते माहेराहून, उरवड्याहून, यष्टीनं परत आल्यावर. दुसऱ्याच्या वेळी ती कुठंच गेली नव्हती, तरी गेलं. डॉक्टरीणबाईंनी शपथेवर सांगितलं की त्यात यष्टीचा दोष नव्हता. फहमिदाची सासू जोहराबी मान डोलवत ऐकून घेऊन घरी आली आणि म्हणाली, "डॉक्टरीण कदी बसलीया का पौडच्या यष्टीत?" दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं. जोहराबी तर पाणीही फुंकून प्यायला लागली होती. सून कूस बदलायला लागली तरी ती हातातलं काम टाकून धावत यायची.

तर खाटेवर पडून काळं आभाळ बघणं, हा फहमिदाचा त्या उन्हाळ्यातला उद्योग. बाहेर चैत्राचं ऊन रटरटायचं, पत्रा तापून कडकड वाजायचा, आणि फटीपलीकडं मात्र सदाची रात्र. त्या रात्रीत एक पांढरं यान एकटंच फिरायचं. खेळणारे हात गेले की कधी कधी ते नुसतंच तरंगत राहायचं, कुणी दगड येऊन फोडेपर्यंत. अशा वेळी तिचा डोळा लागायचा, आणि झोपेत ती यानाच्या आत असायची. आत अंधार, ऊब, आणि कुठूनतरी पाण्याचा आवाज.

एके दिवशी दुकान बंद करून रमजान आत आला तेव्हा तिनं विचारलं,

"अवो, त्या यानाच्या आत कोन असतं?"

"असंल की पायलट."

"मग त्याचं काय व्हत असंल?"

रमजाननं हात पुसता पुसता विचार केला. त्याला बायकोच्या प्रश्नांची सवय होती. तिची समजूत काढायची म्हणून 'काही नाही होत' असं म्हणणारा तो माणूस नव्हता. प्रश्न पटला की तोही तिच्याबरोबर त्यात उतरायचा. म्हणून तर गावानं त्याचं डोकं फिरलेलं ठरवलं होतं.

आदल्या वर्षी आपला एक माणूस आभाळाच्या वर जाऊन आला होता. पेपरात आलेला त्याचा फोटो रमजाननं मशीनच्या बाजूला खळीनं डकवला होता. वीज गेली होती, म्हणून रमजान कंदील घेऊन गेला, फोटोखालचा मजकूर पुन्हा वाचून आला.

"उडताना मानसाचं वजन किती तरी पटीनं वाढतं म्हन. उभा ऱ्हायला तर रगत सगळं पायात उतरतं आनि डोळ्यापुडं अंधारी येती. म्हनून त्याला पाटीवर झोपवत्यात, गुडघं वर घ्यायला लावून. मंग भार सगळ्या पाटीवर वाटला जातो."

"छातीवर म्हस बसल्यागत वाटत असंल."

"येक न्हाई, चांगल्या चार म्हशी."

"आनि वर गेल्यावर?"

"वर गेल्यावर कायच न्हाई. नुस्तं तरंगायचं. वजनच ऱ्हात न्हाई."

फहमिदानं आपल्या पोटाकडं पाहिलं. मग म्हणाली, "गुडघं पोटाशी घिऊन बसलाय त्यो. आपल्या बाळावानी."

रमजाननं तिच्या पोटावर हात ठेवला. आतून एक हलकीशी ढुशी आली. दोघंही हसले नाहीत. हसायचं धाडस त्यांना अजून होत नव्हतं.

त्या मशीनवरचा गावचा वाघ म्हणजे वाल्मीक. वाल्मीक उरवड्याचा, म्हणून फहमिदाच्या माहेरचा. तिला आक्का म्हणायचा. पहाटे उरवड्यापासून पौडपर्यंत वाड्यावस्त्यांवरचं दूध गोळा करायचं आणि टेंपोनं पुण्याच्या डेअरीत पोचवायचं हे त्याचं काम. पोचवायचं म्हणजे काय, तो दूध फेकून मारायचा म्हटलं तरी चालेल. घाटातल्या 'अति घाई संकटात नेई' या पाटीला त्यानं दोनदा टेंपो घासला होता. गचक्यांनी दूध इतकं घुसळून निघायचं की डेअरीत कॅनचं झाकण उघडलं की आतल्या बाजूला लोण्याचे कण चिकटलेले असायचे. वजन करणारा रोज ते बोटानं निपटून त्याला दाखवायचा आणि रोज शिव्या घालायचा. "वाल्मीक दूध न्हाई, लोनी घिऊन जातो," असं उरवड्यात लहान पोरंसुद्धा म्हणायची. वाल्मीकला त्याचा अभिमान होता, ही खरी पंचाईत.

पुण्याहून परत आला की तो टेंपो दुकानासमोर लावून मशीनला भिडायचा. त्याचे हात फहमिदा लांबून ओळखायची. दांड्यावर असे तुटून पडायचे की अख्खं मशीन हालायचं आणि वर ठेवलेली तेलाची बुधली सरकत सरकत काठाला यायची.

एका दुपारी तो असाच रंगात आला होता. यान सुसाट उजवीकडं गेलं, दगड दिसताच जागच्या जागी उलटं फिरलं, तितक्याच वेगानं डावीकडं सुटलं. भोवती जमलेल्यांनी शिट्ट्या मारल्या. इतक्यात पडद्यामागून आवाज आला,

"वाल्मीक, मेला तुजा पायलट."

सगळे चपापले. वाल्मीकनं काचेकडं पाहिलं. "कुटं मेला, आक्का? यान हाय की समूर!"

"यान हाय रं. आतला मेला. येवड्या जोरात जाऊन जाग्यावर माघारी फिरलास. यष्टीनं पिरंगुटच्या घाटात आसं केलं तर आत बसलेल्यांचं काय व्हईल?"

"चटनी," कुणीतरी मागून म्हणालं, आणि सगळे हसले.

"यान लोखंडाचं हाय, त्याला काय हुतंय? गचका बसतो तो आतल्याला. हंडा डोक्यावर घिऊन चालताना बाई येकदम थांबली तर हंडा थांबतो, पानी न्हाई थांबत. पानी फुडं जातं आनि सांडतं."

वाल्मीक म्हणाला, "खेळ हाय आक्का त्यो. आत कोन बी न्हाई."

 मग फहमिदा हळू आवाजात म्हणाली, "आत कोन न्हाई आसं कुनी म्हनू ने."

रमजाननं हातातला पाना खाली ठेवला. आत जाऊन काचेचा एक पेला पाण्यानं काठोकाठ भरून आणला आणि मशीनच्या डोक्यावर, तेलाच्या बुधलीच्या जागी, ठेवला. म्हणाला, "आजपासनं हितला कायदा ह्योच. पानी सांडलं का पायलट मेला. दगड किती बी फोडा."

अशा रीतीनं पौडचं मशीन हे दुनियेतलं बहुधा एकमेव मशीन झालं, जिथं दगड फोडण्यापेक्षा पेला सांभाळण्याला मान होता. पोरंटोरं आली, शिक्षक आले, ज्यांच्या म्हशी गावात सगळ्यांत जास्त ते हैबतरावही कोट घालून आले. पाणी सगळ्यांचंच सांडायचं. सांडलं की पडद्यामागून हुकमी आवाज यायचा, "मेला तुजा पायलट," आणि दुकान हसण्यानं दणाणून जायचं. फहमिदाच्या आवाजात त्या दिवसांत जरा जीव आला होता. आपण खाटेवर पडलेलं ओझं नाही, आपल्याला इथं काम आहे, असं तिला वाटायचं, आणि ते जोहराबीलाही कळायचं. म्हणून परपुरुषांच्या घोळक्यात सुनेनं असं ओरडावं का, हा सवाल जोहराबीनं एकदाही काढला नाही.

वाल्मीक मात्र या कायद्यानं पार खचला. काल दगड फोडण्यात ज्याचा हात कुणी धरत नव्हतं, त्याचं पाणी सगळ्यात आधी सांडायचं. तो रोज यायचा, रोज हरायचा. एकदा सगळे गेल्यावर त्यानं पडद्याजवळ उकिडवं बसून विचारलं,

"आक्का, ह्ये जमायचं कसं?"

"आदी कुटं थांबायचं त्ये ठरीव. मंग लांबनंच हळू व्हत ये. वळताना बी तसंच, दगड नाकाशी आल्यावर न्हाई, लांब दिसतो तवाच. आतल्याला कळाया बी नगं आपन कवा वळलो."

"आनि येवडं करून बी हिंदकाळलं तर?"

"तर आंब्याची डहाळी टाक प्येल्यात. उरवड्याच्या बाया हंड्यात टाकत्यात का न्हाई? पानी गप ऱ्हातं."

"ती लबाडी झाली."

"त्यात कसली रं लबाडी? पान्याला तेवडाच आधार."

वाल्मीकनं डहाळी टाकली नाही. गडी मानी होता. पण त्याचे हात हळू झाले. फहमिदानं फटीतून ते बघितलं. यान आता वेडंवाकडं उसळत नव्हतं. मोठी वळणं घेत, दगडांना वळसे घालत जायचं, आणि ते बघता बघता तिचे डोळे जड व्हायचे. एकदा पेल्यातलं पाणी तिसऱ्या यानापर्यंत टिकलं. ती श्वास रोखून बघत होती. पहिली दोन यानं फुटली तेव्हा तिला काही वाटलं नाही. तिसरं आलं आणि तिच्या हाताची मूठ आपोआप पोटाशी आवळली गेली. ते यान फुटताच तिनं तोंड भिंतीकडं वळवलं, आणि त्या दिवशी पडद्यामागून आवाज आला नाही. वाल्मीक बराच वेळ उभा राहिला. मग पेला पडद्याशी ठेवून गेला.

वैशाख लागला. आठवा महिना सुरू होता. त्या सकाळी वाल्मीक दूध भरून पुण्याला निघण्याच्या बेतात होता आणि रमजान दुकानाच्या फळ्या काढत होता. जोहराबी आतून पळत आली. तिच्या हाताला रक्त लागलेलं होतं, ते बघून रमजानला कळलं.

दवाखान्याची जीप लांबच्या वस्तीवर गेलेली. यष्टी यायला उशीर, आणि यष्टीचं नाव काढायची छाती कुणाची होती? वाल्मीकचा टेंपो समोर उभा होता.

"कॅन उतरीव," रमजान म्हणाला. "सगळं उतरीव. जागा कर."

"न्हाई," वाल्मीक म्हणाला. "रिकामा टेंपो उड्या मारतो, रमजानभाय. भरल्याला भुई धरती. मधली जागा करू, बाकीचं ऱ्हाऊ दे."

भराभर मधले कॅन निघाले. पेंढा आला, त्यावर गोधड्या आल्या. वाल्मीकनं आणखी एक गोष्ट केली, ती त्यानं जन्मात केली नव्हती. स्टँडमागच्या आंब्यावर चढून डहाळ्या तोडल्या, हौदावर धुतल्या आणि एकेका कॅनचं झाकण उघडून दुधावर एकेक डहाळी सोडली.  मग झाकणं पुन्हा घट्ट बसवली.

फहमिदाला गोधडीसकट उचलून आत ठेवलं. तिनं आपणहून पाठ टेकली आणि गुडघे वर घेतले, फोटोतल्या माणसासारखे. डोक्याशी जोहराबी आयत पुटपुटत बसली, पायाशी रमजान दोन्ही बाजूंच्या कॅनना हातांचा रेटा देऊन बसला. टेंपो सुरू झाला.

पण तो निघाला कधी, हे फहमिदाला कळलंच नाही. वरच्या ताडपत्रीच्या भोकातून एक आभाळाचा तुकडा दिसत होता, तो नुसता सरकायला लागला, एवढंच. वाल्मीकच्या टेंपोचा सुटताना जो हिसका असायचा, ज्यानं उरवड्यातल्या म्हाताऱ्यांच्या कवळ्या निसटायच्या, तो आलाच नाही. तिनं कान दिले. चहूबाजूंना दूध होतं, कॅनच्या पत्र्याआड, तिच्या अगदी कानाशी. ते गप्प होतं.

पुढचं तिला तुकड्यातुकड्यानंच आठवायचं. उन्हाचे कवडसे ताडपत्रीतून येऊन अंगावरून हळूहळू फिरायचे, त्यावरून ती समजायची की वळण आलं. पिरंगुटच्या घाटात टेंपो बैलगाडीच्या चालीनं चढला. मागून एक ट्रक हॉर्न वाजवून वाजवून थकला आणि पुढं निघून गेला. मग एक यष्टी गेली. मग, जोहराबी पुढं आयुष्यभर सांगायची, एक सायकलवाला घंटी वाजवत टेंपोच्या पुढं गेला आणि वळून हसला. वाल्मीकनं मान वर केली नाही. ज्याला कुणी ओव्हरटेक केलं तर रात्री जेवण जायचं नाही, तो वाल्मीक.

फहमिदाला आपण टेंपोत आहोत याचा विसर पडत चालला होता. अंग हलकं झालं होतं, ते रक्त गेल्यामुळं असेल. काळ्या आभाळात एक पांढरं यान मोठी मोठी वळणं घेत चाललंय. त्या यानात ती. तिच्या आत पाणी. त्या पाण्यात गुडघे पोटाशी घेतलेला कुणी एक, ज्याला वळणं कळत नाहीत, चढउतार कळत नाहीत, वजन म्हणजे काय ते माहीत नाही. 'तू तरंग,' ती त्याला म्हणत होती. 'तू नुसता तरंग. बाहेरचं बाहेरचे बघतील.' ती भीत नव्हती असं नाही. ती इतकी भ्यालेली होती की ओठ चावून फोडले होते. पण भीतीसुद्धा त्या दिवशी तिच्याजवळ आवाज न करता बसली होती.

भूगावच्या अलीकडं टेंपो थांबला. थांबला तोही असा की कवडसा सरकायचा थांबला तेव्हाच कळलं.

रस्त्याचं काम निघालं होतं. लांबपर्यंत खडी आणि डबर पसरून ठेवलेलं, रोलर कुठंतरी पुढं. बाजूनं वाट नाही. वाल्मीक खाली उतरला, पुढं जाऊन बघून आला आणि टेंपोच्या दाराला धरून उभा राहिला.

"रमजानभाय," तो म्हणाला, "ह्यावरनं मला न्हाई जमायचं. किती बी हळू घेतलं तरी गचकं बसनार."

रमजाननं बायकोकडं पाहिलं. तिचे डोळे मिटलेले होते, ओठांना रक्त होतं.  तो उडी मारून खाली उतरला, टेंपोच्या पुढ्यात वाकला, आणि चाकांच्या वाटेतले दगड हातांनी उचलून कडेला टाकायला लागला. एक, मग दुसरा. चैत्रभर ज्या दुकानात दगड फोडायचा खेळ चालला होता, त्या दुकानाचा मालक वैशाखाच्या उन्हात दगड वेचत होता.

रस्त्याच्या कामावरच्या बाया टोपल्या घेऊन उभ्या राहून बघत होत्या. "खुळं हाय का काय ह्ये?" असं एक जण म्हणाली. त्यांच्यातली वयानं थोरली गोजराबाई टेंपोमागं आली, तिनं ताडपत्री वर करून आत डोकावलं. जोहराबीनं तिच्याकडं नुसतं पाहिलं. गोजराबाईनं ताडपत्री जपून खाली सोडली आणि मागं वळून ओरडली, "आगं उबं काय ऱ्हायलाय! पोटुशी हाय आत. मुरूम आना, मुरूम!"

मग दोन चाकोऱ्या तयार झाल्या. रमजान पुढं दगड उचलत, बाया मागं मुरूम पसरत, आणि त्यांच्या मागून वाल्मीकचा टेंपो, कुणी झोपलेल्या माणसाच्या उशाशी चालावं तसा. मुकादम आरडाओरडा करत आला आणि गोजराबाईचं तोंड ऐकून परत गेला. खडी संपली तेव्हा रमजानच्या बोटांची सालटी गेली होती. टेंपोत चढताना त्यानं हात मागं लपवले, पण फहमिदाचे डोळे तेव्हा उघडे होते.

"दगड किती फोडलं?" तिनं विचारलं.

"येक बी न्हाई," रमजान म्हणाला, आणि त्याला रडू कोसळलं.

पुण्यात पोचेपर्यंत सूर्य डोक्यावर आला होता. पुढं दिवे, पांढरे कपडे, घाईघाईचे आवाज, आणि मग काहीच नाही; नुसती काळी काच, यानसुद्धा नाही.

जाग आली तेव्हा तिला पहिल्यांदा आपलं वजन जाणवलं. अंग शिशाचं झालं होतं. पोटात मात्र काही नव्हतं. तिनं घाबरून पोटावर हात नेला, आणि तेवढ्यात शेजारी कुणीतरी मांजराच्या पिल्लासारखं किरकिरलं.

मुलगी होती. मूठभर, लालेलाल, गुडघे अजून पोटाशी ओढून धरलेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वजन कमी आहे, पण भरेल. रक्त आणखी गेलं असतं तर दोघींचंही सांगता आलं नसतं." जोहराबीनं तिचं नाव तिथंच ठेवून टाकलं, शाहजादी, आणि नर्सला बजावलं की शाहजादीला उचलताना जरा बेतानं.

फहमिदा रडली नाही. सगळे म्हणत होते, मोकळी हो, रडून घे. तिला रडू येईना. दोन वेळा हरलेलं माणूस तिसऱ्यांदा जिंकलं तरी त्याला चटकन खरं वाटत नाही. ती नुसती पोरीकडं बघत राहायची, आणि पोर झोपली की तिच्या नाकाशी बोट धरायची.

दोन दिवसांनी दुपारी वाल्मीक आला. बाळाला पाजायचं होतं म्हणून नर्सनं खाटेभोवतीचा हिरवा पडदा ओढून घेतला होता, तेव्हा तो पडद्याबाहेरच थांबला. फहमिदाला खालून त्याच्या चपला दिसत होत्या. एकमेकांवर चढवलेल्या, अवघडलेल्या.

"आक्का," तो बाहेरूनच म्हणाला, "त्या दिशीचं दूध समदं नासलं."

"माज्यामुळं."

"उन्हामुळं. हैबतराव बोलायचं बंद झाल्यात, तेवडीच गावाला शांतता. बाकी कुनी ब्र काडला न्हाई. डेअरीतल्या वजन करनाऱ्यानं झाकन उघडलं, वास घेतला आनि माज्या आईबापाचा उद्धार केला. म्हनला, तुजं दूध कदी नासलं न्हाई, आजच कसं काय? मंग झाकन उलटं करून बगाया लागला. समद्या कॅनची झाकनं उलटी केली त्यानं. मला म्हनला, वाल्मीक, आज लोनी कुटं गेलं रं?"

 पडद्याच्या कडेनं एक हात आत आला. तो हात तिनं कुठंही ओळखला असता. हातात कॅनचं झाकण होतं, उलटं धरलेलं.

"तुमीच बगा," वाल्मीक म्हणाला. "मी धुतल्यालं न्हाई. आईशप्पत."

फहमिदानं एका हातानं पोरीला धरलं आणि दुसऱ्या हाताचं बोट झाकणाच्या आतून फिरवलं. काठानं फिरवलं, मध्ये फिरवलं, पुन्हा काठानं फिरवलं. आंबूस वास होता. आंब्याच्या पानाचा एक तुकडा वाळून चिकटला होता. बाकी काही नाही. लोण्याचा एक कण नाही.

आणि मग तिला रडू आलं. इतक्या दिवसांचं, तिन्ही वेळांचं, एकदम आलं. पोरीला गचका बसू नये म्हणून ती अंग न हलवता रडत होती.

बाहेर चपला चुळबुळल्या. वाल्मीक अजून उभाच होता. पेला मशीनवर ठेवल्यावर उभा राहायचा तसा, पडद्यामागून काय ऐकू येतंय त्याची वाट बघत.

फहमिदानं पदरानं तोंड पुसलं.

"वाल्मीक," ती म्हणाली, "पोचला रं तुजा पायलट."